कुंड्या मोजल्या, मात्रा कोण मोजणार?

घरात गांजाची तीन झाडे लावण्याची मुभा जर्मनीने दिली. झाड निरोगी कसे वाढवावे हे लोक शिकतीलही. पण निरोगी झाड म्हणजे निरुपद्रवी पीक नव्हे. हा फरक तेथील कायद्याच्या नजरेतून निसटला आहे आणि आपल्याही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या रहिवाशाला आपल्या घरात गांजाची तीन झाडे लावण्याची परवानगी जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून दिली. घराबाहेर २५ ग्रॅम आणि घरात ५० ग्रॅम सुका गांजा बाळगणे तेथे आता गुन्हा नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून जास्तीत जास्त ५०० सभासदांच्या लागवड मंडळांनाही वाट मोकळी झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून गांजा विकत घेण्याची सोय मात्र तेथे नाही. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहू पाहणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : मंडळाचे सभासद व्हायचे किंवा घरातल्या एखाद्या कोपऱ्यात कुंडी मांडायची. २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने या कायद्याचे मूल्यमापन करण्याचे ठरवले. अशा वेळी चर्चा होते ती काळा बाजार किती आटला, पोलिसांचे काम किती हलके झाले याची. घरात वाढणाऱ्या झाडाचे आणि त्याच घरात राहणाऱ्या माणसांच्या आरोग्याचे काय, हा प्रश्न मागे पडतो.

कायद्यामागचा युक्तिवाद पोकळ नव्हता. बंदी असूनही गांजा ओढला जात होता आणि तो कुठून आला, त्यात काय मिसळले आहे हे ओढणाऱ्याला कळत नव्हते. प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम, अनेक पटींनी तीव्र रसायने फवारलेला गांजा जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये सापडत होता. स्वतः लावलेल्या झाडात ही भेसळ नसते, हे खरे. पण ‘भेसळ नाही’ याचा अर्थ ‘अपाय नाही’ असा लावला जातो, तेथे गफलत सुरू होते. परसात उगवलेल्या पुदिन्यासारखे हे झाडही ‘नैसर्गिक’ आहे, अशी समजूत त्यातून होते. प्रत्यक्षात बंद खोलीतल्या झाडाइतके अनैसर्गिक पीक दुसरे क्वचितच असेल.

गांजाचे झाड फुलते ते रात्र लांबली की. उघड्यावर ते उन्हाळा सरताना फुलोऱ्यावर येते. शेवंतीचा फुलोरा लांबवण्यासाठी शेतात रात्री दिवे लावणाऱ्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. घरातल्या कुंडीत फक्त त्याची उलटी बाजू असते. तेथे ऋतू दिव्याच्या बटणावर चालतो. दिवा जास्त तास जळला की झाड पानांनी वाढते, अंधाराचे तास वाढवले की फुलते. उन्हाची जागा घेणारा दिवा चांगलाच प्रखर असावा लागतो. दोनशे वॅटचा एक दिवा रोज १२ तास, असा तीन महिने लावला तर २१६ युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचा हा दोन महिन्यांचा खप, आणि त्यात पंख्याची व हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची वीज धरलेलीच नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तेथील बंदिस्त व्यापारी लागवडीचा हिशेब मांडला, तेव्हा एक किलो सुक्या फुलांमागे ठिकाणानुसार सुमारे २,३०० ते ५,२०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते असे दिसले. एका छोट्या कुंडीला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिव्याखाली पीक घेण्याची किंमत कोणत्या दिशेला जाते हे त्यातून कळते.

विजेपेक्षा घराशी अधिक जवळचा प्रश्न पाण्याचा आहे. झाडाला घातलेल्या पाण्यातला अगदी थोडा भाग त्याच्या अंगी लागतो. बाकीचे जवळजवळ सगळे पर्णरंध्रांतून वाफ होऊन हवेत जाते. शेतात ती वाफ आभाळाला मिळते. आठ बाय दहाच्या खोलीत ती भिंतीवर बसते. जर्मनीच्या हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, बाहेरच्या भिंती गार असतात आणि उबदार हवेतला दमटपणा तेथे पाण्याच्या थेंबांत उतरतो. तेथे निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात आणि खिडक्या दिवसातून ठरावीक वेळा उघडून घर हवेशीर ठेवणे ही भाडेकरूची जबाबदारी मानली जाते. भिंतीवर बुरशी आली की घरमालक आणि भाडेकरू यांच्यात भांडण ठरलेले. अशा घरात तीन पाणीदार झाडे म्हणजे बुरशीला आमंत्रण. दमेकरी, ॲलर्जी असलेली माणसे आणि लहान मुले यांना भिंतीवरच्या बुरशीचा त्रास झाडाला हातही न लावता होतो.

बुरशी भिंतीवर थांबत नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला जी भुरी परिचयाची आहे त्याच जातकुळीची भुरी या झाडाच्या पानांवरही पीठ भुरभुरल्यासारखी पसरते. द्राक्षाचा घड कुजवणारी राखाडी बुरशी गांजाच्या दाट फुलोऱ्यात आतून शिरते. बाहेरून कणीस टवटवीत दिसते आणि मोडून पाहिले तर आत राखेसारखा भुगा. हवा खेळती नसलेल्या छोट्या जागेत लाल कोळी, मावा, फुलकिडे ही मंडळीही झपाट्याने वाढतात, कारण त्यांना खाणारे किडे घरात नसतात. नीट न वाळवलेल्या, दमट डब्यात ठेवलेल्या मालावर ॲस्परजिलस ही बुरशी धरू शकते. धडधाकट माणसाची फुप्फुसे तिचे बीजाणू बहुधा निस्तरतात. कर्करोगावर केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यात मात्र तीच बुरशी जिवावर बेतू शकते, आणि ओढताना लागणाऱ्या आचेने सगळे बीजाणू मरतात अशी खात्री नसते. वेदना किंवा मळमळ कमी व्हावी म्हणून गांजाकडे वळणारे अनेकदा हेच रुग्ण असतात, ही यातली विसंगती.

कीड दिसली की फवारणीकडे हात जातो, आणि येथे या पिकाचे वेगळेपण समजून घ्यायला हवे. द्राक्षे खाल्ली जातात, गांजा जाळला जातो. भुरीसाठी वापरले जाणारे मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक त्याचे उदाहरण. फळांवर त्याचा किती अंश चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, पण हेच रसायन तापवले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो. कॅनडात २०१६-१७ मध्ये परवानाधारक उत्पादकांच्या वैद्यकीय गांजात ते आढळले आणि माल परत मागवावा लागला. परवाना होता, नियम होते, तपासणी होती, म्हणून ते उघड झाले. घरातल्या कुंडीवर कोणी काय फवारले, हे उघडकीला आणणारे कोणी नसते. शिवाय हे झाड मातीतले शिसे आणि कॅडमियमसारखे जड धातू सहज शोषून घेते. याच गुणामुळे त्याच्या तागासारख्या वाणाचा प्रयोग चेर्नोबिलच्या परिसरातली दूषित जमीन साफ करण्यासाठीही झाला होता. जमीन साफ करणारे झाड आपल्या अंगात काय साठवते, हे वेगळे सांगायला नको.

माती नको म्हणून पाण्यावर वाढवले तर? मुंबई-पुण्यात ‘हायड्रो’ या लाडक्या नावाने जो गांजा विकला जातो तो नेमका या समजुतीवर. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजाला अमली पदार्थांच्या यादीतून वगळले आणि त्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वरचेवर येऊ लागल्या. पुढे २०२५ मध्ये थायलंडनेच वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून पाऊल मागे घेतले. हायड्रोपोनिक म्हणजे मातीऐवजी पोषक द्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेले झाड, इतकेच. ते ‘शुद्ध’ असेल असे त्या शब्दात काही नाही. असलेच तर ते अधिक कडक असण्याची शक्यता जास्त, कारण एवढा खर्च करून कोणी सौम्य पीक घेत नाही.

आणि हाच या विषयाचा गाभा. गांजाच्या झाडात नर-मादी वेगळे असतात. नशा आणणारे रसायन मादी फुलांवरच्या सूक्ष्म, चिकट ग्रंथींत साठते. परागीभवन झाले नाही तर झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही, फुलोरा वाढत जातो आणि ग्रंथीही. म्हणून घरात झाड लावणारा नर झाडे उपटून टाकतो, भरपूर उजेड देतो, कीड लागू देत नाही. बागकामाच्या दृष्टीने हे सगळे बरोबर. पण अशा निगराणीने झाड जितके सुदृढ होईल तितका त्याचा माल तीव्र होण्याकडे कल असतो. टोमॅटोच्या बाबतीत निरोगी रोप म्हणजे चांगले फळ आणि चांगले फळ म्हणजे चांगले आरोग्य, अशी सरळ रेघ आहे. या झाडापाशी ती रेघ तुटते.

नशा आणणाऱ्या या रसायनाचे, टीएचसीचे, शुद्ध रूप इस्रायलमध्ये रफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळे केले. त्यानंतर ते मोजता येऊ लागले आणि मोजल्यावर लक्षात आले की माल बदलतो आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास सरासरी चार टक्के टीएचसी होते. २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांवर गेले. नाव तेच, चिलीम तीच, पण आतला माल तिप्पट कडक. युरोपातील पाच देश आणि ब्राझील यांत मिळून अकरा ठिकाणी झालेला, ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दहा टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत भ्रम-भासांच्या गंभीर मनोविकाराची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. पण तीव्रता आणि वारंवारता वाढली की धोका वाढतो, हा कल अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या वयात केलेली सुरुवात अधिक महागात पडते आणि व्यसन जडण्याचा संभवही तेव्हाच अधिक.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक भर. कच्च्या फुलात टीएचसी बहुतांशी निष्क्रिय रूपात असते. आच लागली की ते सक्रिय होते. म्हणून घरचा माल तुपात, लोण्यात, केकमध्ये जातो. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात, तोवर माणूस आणखी एक तुकडा तोंडात टाकतो. मुलाला तर तो नुसता केकच दिसतो. अमेरिकेतील विषबाधा नियंत्रण केंद्रांकडे गांजायुक्त खाद्यपदार्थ खाल्लेल्या सहा वर्षांखालील मुलांच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या.

आता जर्मन कायद्याकडे पुन्हा पाहू. लागवड मंडळाने सभासदाला माल देताना वाण, काढणीची तारीख, टीएचसीचे सरासरी प्रमाण लिहून द्यावे लागते. अठरा ते एकवीस वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅमहून जास्त देता येत नाही आणि त्यात टीएचसी दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. कोवळ्या मेंदूचा विचार येथे केलेला दिसतो. पण तोच अठरा वर्षांचा मुलगा आपल्या खोलीत तीन झाडे लावू शकतो आणि तेथे टीएचसीला मर्यादा नाही, मोजणी नाही, चिठ्ठी नाही. घरात ५० ग्रॅमची मर्यादा आहे, पण चांगली निगा राखलेल्या तीन झाडांचे पीक ती सहज ओलांडते. जास्तीचा माल नष्ट करावा आणि कोणालाही देऊ नये, असे कायदा म्हणतो. महिनोन्‌महिने वाढवलेले पीक किती जण मुकाट्याने कचऱ्यात टाकतील? मुलांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करण्याचे बंधनही आहे. ते पाळले जाते की नाही हे बंद दारामागे कोण पाहणार? थोडक्यात, कायद्याने कुंड्या मोजल्या, मात्रा सोडून दिली.

हे कोडे जर्मनीपुरते नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रत्येक घराला चार झाडांची मुभा दिली, तेव्हा क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर बंदी कायम ठेवली. दुकानातून तपासलेला माल मिळत असताना घरात झाड कशाला, ही क्वेबेकची भूमिका होती आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती बंदी वैध ठरवली. खुली विक्री नको म्हणून जर्मनीने घरचे झाड निवडले. क्वेबेकने घरचे झाड नको म्हणून सरकारी दुकान निवडले. आरोग्याच्या कसोटीवर दुसरी निवड अधिक पटणारी आहे, कारण दुकानातल्या पुडीवर निदान आकडा छापलेला असतो.

भारतात प्रश्न वेगळा, पण गोंधळ त्याच जातीचा. येथे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना गांजाचे झाड लावणे हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकेल असा गुन्हा आहे आणि उसाच्या फडात लपवलेले झाड काय किंवा गच्चीतल्या कुंडीतले काय, कलम तेच. त्याच झाडाची फुलोऱ्यावेगळी पाने, म्हणजे भांग, मात्र केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. शिक्षेची प्रत ठरते वजनावर : एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, वीस किलो ओलांडले की व्यापारी प्रमाण. माळावर वाढलेल्या बियाळ गांजाचा एक किलो आणि दिव्याखाली पोसलेल्या ‘हायड्रो’चा एक किलो या तराजूत सारखेच भरतात, मेंदूवर मात्र सारखे उतरत नाहीत. जर्मनीने झाडे मोजली, आपण वजन मोजतो. टीएचसी दोन्हीकडे हिशेबाबाहेर.

शिक्षण वा नोकरीसाठी जर्मनीत असलेल्या मराठी तरुणांनी यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात घ्याव्यात. तेथे कायदेशीर असलेला ग्रॅमभर गांजा मायदेशी आणला तर तो येथे आयातीचा गुन्हा आहे. आणि कायद्याने दिलेली मुभा हे प्रकृतीला मिळालेले अभयपत्र नव्हे. घरात कोणाला मनोविकाराचा इतिहास असेल तर मुळीच नव्हे.

मग करावे काय? या झाडाकडे पाठ फिरवणे हे उत्तर नाही. जम्मूच्या भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेत, सीएसआयआरच्या छत्राखाली, परवानगी घेऊन आणि नियंत्रित वातावरणात या झाडावर औषधी संशोधन चालू आहे. वेदना, अपस्मार, केमोथेरपीनंतरची मळमळ यांवर यातल्या घटकांचा उपयोग कितपत होतो, हे तपासण्याची जागा तीच. तेथे उजेड, दमटपणा, बुरशी, धातू आणि टीएचसी हे सगळे मोजले जाते, आणि मोजता येते म्हणूनच त्याला औषध म्हणण्याची वाट खुली होते. जर्मनीला घरगुती लागवड चालू ठेवायची असेल तर घरच्या मालाची तपासणी करून देणारी स्वस्त, ओळख न विचारणारी केंद्रे आणि एकवीस वर्षांखालील तरुणांसाठी घरातही मंडळाइतकीच मर्यादा, एवढे तरी करावे लागेल. आपल्याकडेही कायदा बदलण्याची चर्चा अधूनमधून डोके वर काढते. ती पुन्हा होईल तेव्हा झाडे किती आणि किलो किती याआधी पहिला प्रश्न मात्रेचा असावा. रसायन तीव्र असेल तर त्याची मात्रा माहीत असल्याशिवाय ते औषध ठरत नाही आणि मौजही ठरत नाही. मग ते कारखान्यातून आलेले असो की खिडकीतल्या हिरव्यागार, देखण्या कुंडीतून.